शोधनिबंधांची मोजदाद आणि प्रेसखालचा हात

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या शाळेच्या कार्यालयात महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या माहितीपत्रकांचा ढीग जमतो. कागद गुळगुळीत, छपाई देखणी. पूर्वी त्यांत इमारतींची, वसतिगृहांची आणि नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे असत. अलीकडे त्यांत एका नव्या पानाची भर पडली आहे. इतके शोधनिबंध, इतकी पेटंटे, इतके संदर्भोल्लेख, अमुक क्रमवारीत अमुक स्थान. अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि वैद्यक या तीन विद्याशाखांचे रंगीत स्तंभ शेजारीशेजारी उभे केलेले असतात, आणि ते दरवर्षी उंच होत जातात.

मार्गदर्शनाच्या तासाला असे एक पान आम्ही फळ्याशेजारी लावले होते. अकरावीला निघालेल्या एका विद्यार्थिनीने ते शांतपणे वाचले आणि विचारले, "सर, हे निबंध किती, ते लिहिलंय. त्यांनी काय झालं, ते कुठे लिहिलंय?" तिचे वडील भोसरीतील एका लहान कारखान्यात प्रेस चालवीत असत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे नाहीत. आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन तास संपवला, परंतु तो प्रश्न आमच्या शिक्षककक्षात पुढे बरेच दिवस राहिला. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यावर मोकळेपणी लिहावे, असे आम्हांस वाटले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. विद्यापीठांविषयी आमच्या मनात आकस नाही, उलट कृतज्ञता आहे. आमच्या पहिल्या तुकड्यांतील मुलांपुढे आयटीआय आणि त्यानंतर हेल्परची नोकरी, एवढीच वाट होती. उच्च शिक्षणासाठी पुणे गाठावे लागे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले खरे, परंतु चिखली-मोशीच्या चाळीतून ते किती दूर होते, हे किलोमीटरांत सांगता येणार नाही. पुढे १९९९ साली निगडीत पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. २००३ साली पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता मावळात साते येथे पिंपरी चिंचवड विद्यापीठही उभे राहिले आहे. ज्या पट्ट्यात आमच्या मुलांचे आईबाप तिन्ही पाळ्यांत राबले, त्याच पट्ट्यात आज मुले यंत्रशास्त्र, संगणक आणि वैद्यक शिकतात. हा बदल लहान नाही. म्हणूनच तेथे काय शोधले जाते आणि कोणासाठी, हे विचारण्याचा हक्कही आम्ही आपला मानतो.

या पट्ट्यात संशोधन विद्यापीठांच्या आधी आले, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. पिंपरी म्हणजे माळरान होते, महामंडळाच्या वसाहती अजून आखलेल्या नव्हत्या, त्या वेळी १९५४ साली केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. आमची ज्येष्ठ मंडळी आजही त्या भागाला 'एच.ए.' एवढेच म्हणतात. पेनिसिलिन स्वस्तात आणि देशातच तयार व्हावे, हा त्याचा मुख्य हेतू. पण कारखान्याने आपल्या अंगणात एक संशोधन विभागही ठेवला. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मातीतील सूक्ष्मजीवांचा धांडोळा घेतला. त्यांतील एका सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नावच 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना' असे पडले, आणि त्यापासून बुरशीजन्य विकारांवरचे 'हॅमायसिन' हे प्रतिजैविक निघाले. पिकांवरील बुरशीसाठी 'ऑरिओफंजिन' निघाले, तेही येथूनच. हॅमायसिनचा शोधनिबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला, तो कोणत्या परदेशी नियतकालिकात नव्हे, तर कारखान्याच्याच 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये. आजच्या मोजपट्टीने त्या निबंधाला किती गुण मिळाले असते, याची कल्पना करून पाहावी. पुढे नव्वदच्या दशकात तो कारखाना आजारी उद्योगांत गणला गेला. ती कथा वेगळी आणि दुःखाची आहे. परंतु आमच्या गावाचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात ज्यामुळे गेले ते औषध होते, क्रमवारी नव्हे.

मग ही मोजदाद आली कोठून? ती सर्वस्वी वाईट हेतूने आलेली नाही. पूर्वी बढती वशिल्याने होते अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. काही वस्तुनिष्ठ मोजमाप असावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. निबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाला गुण. २०१६ पासून राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी निघू लागली आणि विद्यापीठांच्या मूल्यमापनात संशोधन व व्यावसायिक कार्याला शंभरांपैकी तीस गुण ठेवले गेले. वैद्यकीय महाविद्यालयांतही निबंधावाचून अध्यापकाची बढती अडते. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग सांभाळणाऱ्या डॉक्टरने, आठवड्याला अठरा तास शिकवणाऱ्या प्राध्यापकाने निबंध काढायचे कधी? मागणी असली की बाजार उभा राहतोच. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके निघाली. त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली आणि काही वर्षांनी ती यादीही मोडीत काढली. पीएच.डी.साठी निबंध छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमांत गळाली. २०२५ च्या क्रमवारीत तर प्रकाशित करून मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांसाठी गुण वजा करण्याची वेळ आली. ज्या मोजपट्टीत उणे गुणांची सोय करावी लागते, तिने आपल्याविषयी बरेच काही सांगितलेले असते.

याचे तुषार आमच्या मुलांवरही उडतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला शहरातील एका दुकानात तयार प्रकल्प अहवालासह देऊ केला गेला. 'सोबत पेपरही छापून देतो, चौघांची नावे टाकू', असे दुकानदाराने सांगितले. मुलगा आमच्याकडे आला तो तक्रार घेऊन नव्हे, उसने पैसे मागायला. त्याला त्यात काही गैर वाटले नव्हते, कारण त्याच्याभोवती कोणालाच वाटत नव्हते. आम्ही पैसे दिले नाहीत. त्याने ते दुसरीकडून उभे केले, प्रकल्प घेतला आणि उत्तीर्ण झाला. त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांस आजही होत नाही. वसतिगृहाच्या मेसचे पैसे थकलेले असताना एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आम्ही पाहिले आहे.

पण याच पट्ट्यात दुसऱ्या प्रकारचे कामही चालते, आणि ते मुलांना दाखवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या फाटकावरून रोज हजारो कामगार जातात, बहुतेकांना आत काय चालते ते माहीत नसते. 'एचपीटीएन ०५२' नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास नऊ देशांत झाला, त्यात भारतातून चेन्नई आणि पुणे होते, आणि पुण्याचे काम या संस्थेकडे होते. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात होती. लागण झालेल्याला औषध लगेच सुरू करावे की प्रतिकारशक्ती घसरेपर्यंत थांबावे, हा प्रश्न होता. २०११ साली उत्तर मिळाले. जोडीदाराकडूनच झाली असे सिद्ध झालेल्या अठ्ठावीस लागणींपैकी केवळ एक लागण लवकर औषध घेणाऱ्या गटातली होती. संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुढे जगाची उपचारपद्धती बदलली, आणि २०१७ पासून आपल्या देशातही निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले.

मोजपट्टीवर हा निबंध एक. परंतु त्या एकामागे न चुकता दवाखान्यात येणारी जोडपी आहेत, त्यांची नावे बाहेर फुटू न देणाऱ्या परिचारिका आहेत, सासूला काय सांगायचे ते ठरवून देणारे समुपदेशक आहेत, रक्ताच्या नळ्या सांभाळणारे तंत्रज्ञ आहेत. आमच्या मुलींपैकी कित्येकजणी परिचारिका होतात. संशोधन म्हणजे फक्त प्राध्यापकाचे काम नव्हे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

अभियांत्रिकीतही असे उदाहरण आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या, आणि आता चाकणलाही केंद्र असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने भारतीय रस्त्यांवरील वाहने एका किलोमीटरमागे किती ग्रॅम विषारी वायू आणि धूलिकण सोडतात, याचे तक्ते तयार केले. दुचाकी, रिक्षा, ट्रक, जुने, नवे, सर्व वेगवेगळे. हे तक्ते चमकदार नाहीत. पण देशात कोठेही हवेच्या प्रदूषणाचा हिशेब मांडायचा झाला, की त्यांचा आधार घेतला जातो. संगणकाचे म्हणाल, तर सी-डॅकने १९९१ साली 'परम' महासंगणक पुण्यात उभा केला, हे सर्वांना पाठ असते. त्याच संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणणारे 'जिस्ट' तंत्रज्ञान देशभर पोचवले, हे मात्र कमी लोकांना आठवते. ही स्मरणिका देवनागरीत जुळवली जात आहे, यात अशा कामांचा वाटा आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या वडिलांकडे येऊ.

पॉवर प्रेसचे काम समजायला सोपे आहे. मोटारीवर जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाखालचे पेडल दाबले, की क्लच गुंततो, क्रँकशाफ्ट एक फेरा घेतो, वरचा रॅम खाली येतो आणि डायमध्ये ठेवलेला पत्रा कापला किंवा वाकवला जातो. पुन्हा पेडल दाबेपर्यंत रॅम वर थांबला पाहिजे. पण क्लचची चावी झिजली, स्प्रिंग मेली किंवा ब्रेक सैल झाला, तर रॅम न बोलावता पुन्हा खाली येतो. कामगार म्हणतात, 'प्रेसने डबल मारला.' त्या क्षणी तयार माल काढायला हात आत गेलेला असतो. चाकणच्या मोठ्या मोटार कारखान्यांत यंत्रमानव पत्रे उचलतात. परंतु त्या मोटारीतले ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर ज्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या शेडमध्ये निघतात, तेथे हे जुने प्रेस अजून चालतात, आणि त्यांच्यापुढे बहुधा कंत्राटी कामगार बसलेला असतो.

फिरत्या धोकादायक भागांना कुंपण घालावे, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमाने सांगून ठेवले होते. उपायही अज्ञात नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज न चालणारा प्रेस, समोर जाळी, किंवा हात आडवा येताच यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा. मात्र येथेच खरी मेख आहे. प्रकाशाचा पडदा घर्षणाच्या क्लचवर चालतो, कारण तो क्लच मध्येच सोडवता येतो. जुन्या चावीच्या क्लचचा प्रेस एकदा सुटला, की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. त्याच्यासमोर कितीही महागडा पडदा लावा, हात वाचत नाही. मालक म्हणतो, नवा प्रेस परवडत नाही. जाळी लावली, तर माल कमी निघतो. मग जुन्या प्रेसला लहान शेडच्या मालकाला झेपेल अशा खर्चात सुरक्षित कसे करायचे? चावी झिजत आल्याचे आधी कळेल का? डबल मारण्यापूर्वी यंत्राच्या आवाजात, कंपनात काही फरक पडतो का? हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, आणि तो संगणकशास्त्राचाही आहे, कारण कंपनातला फरक ओळखणे हेच तर आज संगणकाला शिकवले जाते.

तो वैद्यकाचाही आहे. तुटलेले बोट जोडता येते, हे आमच्या कितीतरी पालकांना ठाऊक नव्हते. ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. थंड ठेवल्यास शस्त्रक्रियेसाठी मिळणारा अवधी जवळजवळ दुप्पट होतो. आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांच्यातील एकाचे बोट फडक्यात बांधून खिशात आणले होते, दुसऱ्याचे पत्र्याच्या चुऱ्यात राहून गेले. किती बोटे वाचू शकली असती? नोंदी पाहाव्यात, तर केसपेपरवर 'हाताला यंत्रामुळे इजा' एवढेच असते. कोणते यंत्र, कोणता क्लच, कितवा तास, जाळी होती की काढलेली, यांपैकी काहीच नाही. कामगार विम्याचा कागद वेगळा, रुग्णालयाचा वेगळा. हे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. हरियाणाच्या मानेसर पट्ट्यात 'सेफ इन इंडिया' या स्वयंसेवी संस्थेने जखमी कामगारांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून अशा अपघातांचे अहवाल २०१९ पासून काढले. वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीत बोटे कशी जातात, हे त्यामुळे चर्चेत आले. ते काम एखाद्या विद्यापीठाने का करू नये?

संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि अभिमत विद्यापीठाचे रुग्णालयही आहे. निगडीत यंत्र अभियांत्रिकीच्या आणि संगणकाच्या प्रयोगशाळा आहेत. ही ठिकाणे एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तीन विद्याशाखांचे स्तंभ माहितीपत्रकात शेजारीशेजारी उभे असतात. त्यांनी एकदा एका प्रेससमोरही शेजारीशेजारी उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्हांस मान्यही आहे. सर्वच संशोधन उद्याच्या उपयोगाचे असावे असा हट्ट धरला, तर ज्ञान कोमेजते. मातीतल्या सूक्ष्मजीवांची वर्गवारी करणाऱ्याला पहिल्या दिवशी औषध दिसत नव्हते. तारे मोजणाऱ्याला, गणितातले कूट सोडवणाऱ्याला 'यातून कामगाराला काय?' असे विचारणे अडाणीपणाचे ठरेल. संशोधनावरचा आपल्या देशाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्यालाही पोचत नाही, त्यात प्राध्यापकांना किती बोल लावायचे, हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच, की जे संशोधन स्वतःला उपयोजित म्हणवते, उद्योगनगरीत बसून उद्योगासाठी आहे असे सांगते, त्याने उद्योग म्हणजे फक्त मालक असे धरू नये.

आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका ग्रंथाची आठवण देतो. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा लंडन विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. विषय रुक्ष : चलन आणि विनिमयदर. पण त्या रुक्ष विषयातही रुपया घसरला तर लाभ कोणाचा आणि मजुरी करणाऱ्याची झीज किती, हे त्यांनी तपासले, आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना ते मांडले. संशोधक म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला कमी आहे. पुतळ्याच्या हातातले पुस्तक आपण पाहतो, परंतु त्यातले तक्ते पाहत नाही.

आमच्याकडूनही काही घडावे, असे आम्ही ठरवले आहे. येत्या वर्षापासून नववी-दहावीची मुले आपापल्या घरच्या कामाची नोंदवही ठेवतील. आई-वडील कोणत्या यंत्रावर काम करतात, ते कसे चालते, काय बिघडते, काय दुखते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियांत्रिकीला किंवा वैद्यकाला आहेत, त्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प या वह्यांतून निवडावा, असे आवाहन आम्ही करीत आहोत. साहित्याचा खर्च शाळेचा माजी विद्यार्थी निधी उचलेल. रक्कम मोठी नाही, पण दुकानातून प्रकल्प आणावा लागू नये एवढी आहे.

याची सुरुवात एका परीने झालीही आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी गेले तीन रविवार भोसरीच्या एका शेडमध्ये जुन्या प्रेसशेजारी स्टूल टाकून बसतो आहे. मालक सज्जन आहेत, त्यांनी परवानगी दिली, अट एवढीच की कामात अडथळा नको. प्रेसच्या अंगावर त्याने कंपन मोजणारे एक स्वस्त यंत्र चिकटवले आहे. दर फेऱ्याला तो वहीत रेघ मारतो, ब्रेकवर तेल सांडले की वेळ लिहितो, चावी बदलली की तारीख लिहितो. वहीत आतापर्यंत चार हजारांहून अधिक रेघा आहेत. डबल एकदाही लागलेला नाही, आणि प्रेसवर बसणारे मामा त्याला हसून म्हणतात, तू बसतोस म्हणूनच लागत नाही. वही भरल्यावर ती घेऊन तो अकरावीत गेलेल्या त्या विद्यार्थिनीच्या घरी जाणार आहे. तिच्या वडिलांना काही विचारायचे आहे, असे तो म्हणतो. बोटे गेली त्या दिवशी यंत्राचा आवाज बदलला होता का, ते त्यांच्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही.